यकृतात न मोडलेलं औषध

गेल्या हिवाळ्यात, एका बुधवारी सकाळी, वाशीमजवळच्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत अर्धशिशीचं औषध बकऱ्याच्या यकृतात मोडलं नाही. नवस, बाधा वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता... म्हणून इथे फक्त पडताळलेलं लिहितो.

आमची पद्धत साधी. मंगरूळपीरच्या खाटकाकडून ताजं यकृत बर्फात आणायचं, वाटून अर्क काढायचा, औषध मिसळून शरीराइतक्या उबेत ठेवायचं. तासाभरात बहुतेक औषध मोडतं, म्हणजे त्याचं विघटन होतं. त्या दिवशी सगळं शिल्लक राहिलं. त्याच अर्कात दुसरी औषधं मात्र नेहमीसारखी मोडली.

हीच गोळी आसेगावला दिलेली माझी थोरली बहीण घेते. या औषधानं रक्तवाहिन्या आकसतात. शरीरात साठलं तर हृदयाला धोका. दोष औषधातच असेल या शंकेनं मी फोन केला.

"ताई, आज गोळी घेतली?"

"सकाळीच. आता दुसरी घेऊन राह्यली."

"घेऊ नको."

"काहून? डोकं तुह्यं दुखून राह्यलं का माह्यं?"

तिनं ऐकलं. तरी दुपारी छातीत कळ आली, भाऊजींनी तिला वाशीमला दाखल केलं. डॉक्टरांच्या परवानगीनं तिचं रक्त मी आमच्या यंत्रावर तपासलं. औषध नुकतंच घेतल्याइतकं होतं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच.

बकऱ्याला काही औषध दिलं होतं का, हे विचारायला मी खाटकाकडे गेलो.

"औषध कायचं, सर? तुमच्या भाऊजीनंच तं इकला."

भाऊजी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते.

"तुह्या बहिणीच्या डोक्यासाठी दर्ग्याले नवसाचा बोलला होता तो बकरा," ते म्हणाले. "डोकं काही थांबलं नाही, अन् हा सारा हरभरा खाऊन राह्यला होता. म्हटलं, पुढच्या साली दुसरा देऊ."

मी आत गेलो. ताईला तोवर ऑक्सिजन लावला होता.

शुक्रवारी, यंत्राची चूक असावी म्हणून, त्याच यकृताचा फ्रीझरमधला तुकडा काढून दुपारी पुन्हा प्रयोग केला. औषध तासाभरात मोडलं. यंत्रात दोष नव्हता. कारण आजवर सापडलेलं नाही.

त्याच दुपारी भाऊजींनी दुसरा बकरा नेऊन दर्ग्यावर नवसाचं, कंदुरीचं जेवण घातलं — हे मला नंतर कळलं.

ताईच्या त्या संध्याकाळच्या रक्ताच्या नमुन्यात औषध सापडलं नाही.