महिनाभराच्या गोळ्या

चूक म्हणावी, तर ती मी हुशारी म्हणून केली होती. माझ्या बहुतेक चुका अशाच असतात.

तेव्हा मी चांदा जिल्ह्यातल्या जंगलात एका लाकूड-डेपोवर बाबू होतो. सागाच्या थप्प्या, दोन गार्ड आणि आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बायको भंडाऱ्याकडची. जवळच्या टोल्यातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, बायका गोंडी बोलायच्या. विहिरीवर ही त्यांच्याकडे बघून हसे, त्या हिच्याकडे बघून हसत, आणि तिथंच बोलणं संपे. संध्याकाळी मी घरी येऊन तिला लाकडांविषयी सांगायचो. ती ऐकायची, निदान मला तसं वाटे.

आदल्या वर्षी तिला पाचव्या महिन्यात हिवताप आला होता. कडू औषध दिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तिच्या मावशीनं औषधाच्या उष्णतेवर खापर फोडलं. मी बायकोला काही विचारलं नाही. मला वाटलं, विसरत असेल.

यंदा पुन्हा दिवस गेले. दोन कोसांवरच्या बाजाराच्या गावात सरकारी दवाखाना होता. तिथली नर्सबाई दर बुधवारी पोटुशा बायांना तपासायची. डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त बघायची, पायाला सूज आहे का बघायची, डाव्या बरगडीखाली दाबून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली का ते चाचपायची. मग हिवताप येऊ नये म्हणून एक कडू गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची. आम्ही बैलबंडीनं जायचो. मी बाहेर वांगी-मिरच्यांची पिशवी धरून उभा. आतून बायकोचं हसणं ऐकू यायचं. घरी ती तशी हसत नसे. मला वाटे, वांगी स्वस्त मिळाली म्हणून खूश असेल.

सहावा महिना लागला. पावसानं रस्ता पार उखडलेला. बंडीत हिला हिसके बसतात, हे मला दिसत होतं. तेव्हा मी डोकं चालवलं आणि एका बुधवारी एकटाच सायकलनं दवाखान्यात गेलो.

"बाई, महिनाभराच्या गोळ्या एकदमच द्या ना. तिले धक्के कायले?"

"गोळी पोटात गेली का डबीत राह्यली, हे तुमाले कसं कळन, बाबू?"

"मी आहो ना घरी!"

 शेवटी बाईनं चार गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मधात काई वाटलं तर घेऊन या तिले."

गोळ्या काडेपेटीत घालून मी वाघ मारून आणावा तसा घरी आलो. "आता महिनाभर कुठी जायचं काम नाई!"

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर दर बुधवारी डेपोवर निघताना मी विचारायचो, "गोळी?" ती म्हणायची, "घेतो ना." झालं, माझं कर्तव्य संपलं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी जेवायला आलो, तर ती दोन गोधड्या आणि माझं घोंगडं अंगावर घेऊन पडलेली. बाज थरथरत होती. काडेपेटी उघडली. चारही गोळ्या तशाच.

मी ओरडलोच. "काऊन नाई घेतल्या?"

तिचे दात वाजत होते. थांबत थांबत म्हणाली, "मागच्या खेपेले औषधानंच गेलं, असं मावशी म्हणे. बाई दर बुधवारी सांगे, तापानं जाते, गोळीनं नाई. तिच्यासमोर पटे जी. घरी आलं का पुन्हा भेव वाटे. आज घेऊ, उद्या घेऊ... इथी इचारू कोनाले?"

"मले इचारायचं!"

तिनं डोळे मिटले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की तिनं विचारलं असतं तरी मला उत्तर माहीत नव्हतं. गोळीनं काही होतं का, तेवढंही मी बाईला विचारलं नव्हतं.

बंडी जोडली. त्या दिवशीचे दोन कोस मला अजून आठवतात. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या पोटाकडे पाहत होतो. या खेपेलाही तसंच होणार, असं मनात पक्कं झालं होतं. दवाखान्यात बाईनं मला बाहेर काढलं नाही, तिला धरून ठेवायला आतच थांबवलं. लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकला. नळी सरकवली, पुन्हा टेकला. 

"हाय," बाई म्हणाली. "ठोके चालू हायेत."

तीन दिवस तिला तिथंच ठेवलं. मला डेपोवर परतावं लागलं, साहेब येणार होते. संध्याकाळी क्वार्टरमध्ये शिरलो आणि सवयीनं बोलून गेलो, "आज पाच गाड्या भरल्या." भिंतींनी काही ऐकून घेतलं नाही. पहिल्याच संध्याकाळी मला ते घर खायला उठलं. ती तिथं दोन वर्षं तशाच दुपारी काढत होती.

चौथ्या दिवशी आणायला गेलो. ताप उतरला होता. बाई मला म्हणाली, "तुमचे सागाचे लठ्ठे एकदा मोजले का महिनाभर तसेच राह्यतात, बाबू. बाईमानूस नाई राह्यत."

पौषात मुलगी झाली. अंगानं किडकिडीत, पण टोल्यापर्यंत ऐकू जाईल असं रडली. पण ते नंतरचं. त्या दिवशी परतताना बंडीत मी म्हणालो, "आता दर बुधवारी आणीन तुले. मी बाहेर थांबत जाईन."

 ती म्हणाली, "बाहेर काऊन? आत येत जा. बाई काय सांगते ते तुमीबी ऐका. घरी आल्यावर मले भेव वाटलं, तर परत सांगाले कोनी पाह्यजे ना."