केबलपाशी बसलेली दुसरी मॅडम

मी असले अनुभव वाचते, पण खरे कधीच मानले नाहीत. हा माझ्यासोबत घडला नसता तर हाही मानला नसता.

चाकणजवळ कुरुळीला आमच्या छोट्या कंपनीची शेड आहे. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोल कॉम्प्युटर आम्ही बनवतो. त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम ओपन सोर्स... म्हणजे तिचा कोड नेटवरून आणायचा, अपडेट करत राहायचा आणि त्यातूनच आपली सिस्टीम तयार करायची. अपडेटसाठी कुठलं टूल घ्यायचं, हे पवार सरांनी मला ठरवायला सांगितलं होतं. एक गिट – जड, सगळ्या जुन्या बदलांचा इतिहास सोबत आणणारं. दुसरं अगदी छोटं – नव्या फाइल्स आणून सरळ जुन्यांवर टाकणारं. मला छोटंच आवडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर शेडमध्ये मी आणि प्रेसचे ऑपरेटर बालाजीकाका, दोघंच. मी छोटं टूल चालू केलं. मध्येच अडकलं. एरर नाही, काही नाही... पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. नेट तपासलं, ठीक होतं.

कंटाळून गिट चालवलं. त्याने मात्र सरळ सांगितलं – एका फाइलमध्ये तुमचा स्वतःचा बदल आहे, तो पुसला जाईल. फाइल उघडली. प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे तो सेन्सर चालवणारा कोड! सेन्सरचा सिग्नल उशिरा पोचायचा, ते माझ्या आधी हे काम करणाऱ्या निखिलने दुरुस्त केलं होतं आणि कुणाला सांगितलंच नव्हतं. छोट्या टूलने ते न विचारता पुसलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी हीच सिस्टीम टाकलेल्या प्रेसवर काकांचा हात असणार होता.

मी तो बदल आधी जपून ठेवला, मगच गिटने अपडेट केलं. तेवढ्यात काका चहा घेऊन आले.

"त्या दुसऱ्या मॅडम गेल्या का ओ?"

"कोण दुसऱ्या?"

"तुमच्या टेबलाखाली बसल्या होत्या की, केबल धरून. मला वाटलं, नेटचं काम चालू हाय."

"काका, इथे मी एकटीच बाई आहे."

"मग मी काय येडा हाय का?"

गेटवर विचारलं, कुणी आलं नव्हतं. निखिलला फोन केला. तो बंगळुरूत मजेत होता. "अगं, सांगायचं राहूनच गेलं, सॉरी!" त्या बदलाबद्दल त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. नंतर त्याच कॉम्प्युटरवर, त्याच केबलवर, वेगळ्या फोल्डरमध्ये छोटं टूल कितीदा तरी चालवलं. एकदाही अडकलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी तपासायला आधी प्रेसमध्ये हाताऐवजी लाकडी दांडा घातला. मशीन जागच्या जागी थांबलं.

"छोटं फास्ट होतं ना, मग गिट का?" सरांनी विचारलं.

"सर, ते पुसण्याआधी विचारतं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण पूर्णही नव्हतं.

मग एकदा धीर करून काकांना विचारलं, दिसायला कशी होती ती?

"तोंड नाही दिसलं. पण तुमच्यावाणीच – एक शब्द बोलंल तर शपथ!"

काका हसले. मला अजून हसता आलेलं नाही. ती कोण होती, तेही सांगता येत नाही.