आधी तुकडे, मग भाकरी

गाव सोडलं तेव्हा विट्याच्या स्टँडवर मी लई रडलो. आईला वाटलं, पोरगं तिच्यापायी रडतंय. मामाला वाटलं, गावापायी. खरं सांगतो, मला भूक लागली होती आणि भाकरीचं गाठोडं मामानं गाडीच्या टपावर टाकलं होतं. आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "संपा, मामाकडं लाजू नगंस. पोटाला मागून घ्यायचं." चौथी नापास माणूस मी. मास्तरांचं ऐकलं नाही, बापाचं ऐकलं नाही. आयुष्यात ही एवढीच गोष्ट ऐकली, आणि इतकी ऐकली की पुढं डॉक्टरला सुरी घ्यावी लागली.

आमच्याकडं पाऊस बेताचा, म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर. जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, कचरा काढायचा, चोख माल सराफाला द्यायचा, ही गलाई. कुणी मद्रासला, कुणी अमृतसरला. हे वाचणारे तुम्ही पण कुठंतरी अशाच भट्टीपुढं बसलेले असाल, नाहीतर तुमचा कोण तरी बसलेला असेल. मामाचं दुकान लखनौला, चौक म्हणतात त्या जुन्या बाजारात. सुरवातीला माझी हिंदी ऐकून गिऱ्हाईक माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं सावकाश बोलायचं. मला वाटायचं, काय अदबीची माणसं! नंतर कळलं, माणसं अदबीचीच होती, पण मला ती येडा समजत होती.

चौकात दुकानाबाहेर पाऊल टाकलं की सकाळी निहारी-कुलचा, थंडीत मक्खन मलाई, संध्याकाळी कबाब-पराठा. मी लाजलो नाही. मागून घेतलं. पुढं लग्न झालं, कमल आली, तिच्या हाताला चव. (ती हे लिहून घेतेय म्हणून म्हणत नाही.) होता होता असा फुगलो की ई-रिक्शावाला म्हणायचा, "सेठ, बीच में बैठिए, गाड़ी एक तरफ़ जा रही है." गुडघे गेले, साखर आली, झोपेत श्वास अडकायला लागला. मग ऑपरेशन. दुर्बिणीतून पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. शुद्धीवर आलो आणि पहिलं विचारलं, "खाने में क्या है?" नर्स हसून बाहेर गेली ती परत आलीच नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. वजन उतरलं, उतरलेलं राहिलं पण. लोकांना वाटतं तिथं गोष्ट संपली. मला पण तसंच वाटलं होतं. मग केस गळायला लागले. त्याचं मला काही नाही, होतेच किती. पण एक दिवस मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, चिमट्यानं भट्टीतून उचलली आणि माझा हात लटपटला. सांडलं काही नाही. पण दुकानात सगळ्यांनी बघितलं. गलाईवाल्याचा हात हलला की त्यानं गल्ल्यावर बसायचं असतं, आणि मला बेरीज येत नाही.

कमलनं मला विकास नगरला आहारवाल्या मॅडमकडं नेलं. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "खाते क्या हैं?"

"पहले एक रोटी, मैडम."

"और उसके बाद?"

"उसके बाद जगह कहाँ."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अंकल, पहले प्रोटीन. फिर सब्ज़ी. रोटी सबसे आख़िर में, वो भी जगह बचे तो." म्हणाल्या, अंगातलं मांस झिजतंय, म्हणून हात हलतो. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल.

आता प्रोटीन कुठनं आणायचं? डब्यातली पावडर आणली. भिंतीला द्यायच्या चुन्यात साखर टाकली तर तशी लागेल. माझा साडू फौजेत, तेलीबागेत राहतो, तो म्हणाला, "रोज सहा अंडी मारा." सहा! माझ्या पोटात एक बसतं, दुसरं दारात उभं राहतं. पनीर गिळलं की छातीत जे बसायचं ते घर खाली न करणाऱ्या भाडेकरूसारखं. सोयाचा चाप चावता चावता दुपारची संध्याकाळ झाली. चुकतमाकत एकेक जमत गेलं. सकाळी उकडलेलं अंडं. मग घट्ट दही. दुपारी मटकीची उसळ, पाणी कमी. संध्याकाळी कधी सत्तू, कधी कबाब. लखनौचा कबाब म्हणजे माझ्यासारख्यासाठीच केलेला, दातांना कामच नाही. पण मी नुसता कबाब खाऊन पराठा तसाच ठेवतो हे कबाबवाल्याला सोसत नाही. "अमाँ सेठ, पराठे ने क्या बिगाड़ा है आपका?" असं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो. आणि घरी माझी पोरगी तन्वी. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. डाळ वाढताना पळी तळातून फिरवते. "पापा, नीचे वाली दाल आपकी. ऊपर का पानी हम लोगों का."

हे सगळं लखनौत चालून गेलं. अडचण आली गावात.

मागल्या साली जत्रेला गेलो. आमच्याकडं मटणाची रीत तुम्हाला माहीत आहे. तुकडे मोजके, रस्सा पातेलंभर, भाकऱ्या टोपलीभर. भाकरी कुस्करायची, रस्सा ओतायचा, भुरके मारायचे आणि तुकडा शेवटाला चघळत बसायचं. आधी तुकडे वेचणारा हावरा. आणि तुकडे खाऊन भाकरी टाकून उठणारा तर माणसातच नाही. म्हणजे मॅडमनी सांगितलेलं सगळं आमच्या गावात पाप. मी पंगतीत बसलो, चार माणसांकडं बघितलं आणि मुकाट्यानं भाकरी कुस्करली. चार घासात पोट गच्च. पाचव्याला दरदरून घाम. उठलो आणि गोठ्यामागं जाऊन सगळं ओकून टाकलं. माझा चुलतभाऊ बापू पंगतीतनं ओरडला, "दादा, लखनौची कडक असती व्हय?" सगळे हसले. मी पण हसलो, हसायचं काम माझंच असतंय. आई हसली नाही. भरलेलं ताट तसंच उचलून आत नेलं. निघताना म्हणाली, "माझ्या हातचं आता तुला चालंना, संपा."

ह्याच्यावर मला अजून काही गमतीचं सुचलेलं नाही.

थंडीत कमलनं हट्टानं आईला लखनौला आणलं. आईनं पहिल्या दिवशी सवयीनं दहा माणसांचा स्वयंपाक केला. मी त्यातलं वाटीभर खाल्लं, बाकीचं दुकानातल्या कारागिरांनी संपवलं. ती नुसती बघत राहिली. माझं अंडं, माझं दही, तळातली डाळ. एक दिवस म्हणाली, "त्या बाईकडं मला बी न्ये." नेली. मॅडम सांगत गेल्या, तन्वी मोडक्यातोडक्या मराठीत आजीला सांगत गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ह्यानं आधी तुकडं खायचं?"

"हाँ अम्मा. और आप भी. इस उमर में आपको भी ज़रूरत है."

"मला कशाला गं बाई," म्हणून आईनं पदर तोंडाला लावला.

परतताना रिक्शात आईनं विचारलं, "मग जत्रंला भाकरी कशाला खाल्लीस?"

"सगळ्यांच्या देखत तुकडं वेचत बसू व्हय, आये? माणसं काय म्हणतील?"

"आनि मेला असतास तर माणसं काय म्हनली असती?"

मी बाहेर बघत बसलो आणि आठवायला लागलो, आईला तुकडा खाताना आपण कधी बघितलंय? आठवेना. ती सगळ्यांच्या मागनं बसायची, रस्सा आणि भाकरी. मी विचारलं, "आये, तुला मटणाचा तुकडा आवडत नाही का?"

"आवडतो की," ती म्हणाली. "उरायचा न्हाई."

लहानपणी मागून घेणारा मी होतो, एवढं ध्यानात आलं. घरी आलो आणि समोरचं दही तसंच ठेवलं. कमलला वाटलं मला ताप आला.

ह्या साली जत्रेला परत गेलो. अंगणात पंगत, वाढायला आई स्वतः. माझ्या ताटात एक वाटी, त्यात चार तुकडे. रस्सा नाही, भाकरी नाही. बापूनं बघितलंच. "नबाब आलं! नुसतं तुकडंच? आमच्या वाटणीचं बी घ्या की." पंगत हसली. माझा हात आपोआप टोपलीकडं गेला.

"हात माघारी घे," आई म्हणाली.

मग कमरेला पदर खोचून सगळ्यांना म्हणाली, "ह्याच्या ताटात कुणी भाकरी वाढायची न्हाई. वाढली तर माझ्याशी गाठ हाय." आमच्या गावात आईनं पोराला वाढू नका म्हणायचं, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. बापूच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

आई तिथंच थांबली नाही. "कमल, एक ताट हिकडं आन," म्हणाली आणि सगळ्या बाप्या माणसांत माझ्याशेजारी मांडी घालून बसली. "मला बी घाल दोन तुकडं. लखनौच्या बाईनं सांगितलंय." बापू म्हणाला, "काकू, तुमी बी?" आई म्हणाली, "का रं, मला त्वांड न्हाई?"

ती सावकाश चावत होती, दात थोडेच राहिलेत. मी पण सावकाश, मला तसंच सांगितलंय. दोन पंगती उठल्या तरी आम्ही दोघं बसलेलो. तिनं दोन खाल्ले, मी तीन. चौथा तिच्या ताटात टाकला, तर तिनं नको म्हटलं नाही.

आता हात हलत नाही. परवा मूस उचलली, धार सरळ पडली. गल्ल्यावर दुसराच कोण तरी बसतो, दुकानाचं भलं झालं.

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं माणसं मागं लागून वाढतात. आता असल्या माणसांची मला भीती वाटते. ताट अर्धं ठेवून उठलो तरी कुणाचं मन दुखत नाही, अशी दोन ठिकाणं माझ्याकडं आहेत, एक चौकात आणि एक विट्याच्या पुढं. मधलं अंतर दोन दिवसांचं, पण संध्याकाळी फोनवर ते मिटतं. आई विचारते, "आधी काय खाल्लंस?" मी सांगतो, अंडं, नाहीतर उसळ. मग मी विचारतो, "आणि तू?" पलीकडं पातेल्याचं झाकण वाजतं. मग, "बसतेच हाय आता. तू ठेव फोन." मी ठेवत नाही. ती चावताना ऐकू येईपर्यंत कानाला धरून बसतो.