पहिल्या हाकेला

धुळ्यात पाच कंदील चौकामागच्या गल्लीत भिकनचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पस्तिशीचा गडी, कामाला वाघ. पण खोड अशी, की पहिल्या हाकेला कधी ओ देणार नाही. गिऱ्हाईक घसा कोरडा करायचं, तेव्हा कुठे तिसऱ्या हाकेला हे साहेब वळणार! लोक म्हणायचे, शिष्ट आहे. कसला शिष्ट, भित्रा होता बिचारा.

त्याचं लहानपण सातपुड्याच्या पायथ्याशी गेलेलं. माय झुंबरबाई मोहाची फुलं वेचायला जाताना त्याला घरी ठेवून बजावायची, "एक हाकले ओ देवू नको रे पोऱ्या. भूत एकच हाक मारस. तीन हाका उन्यात तर समज, मानूस शे." ते जे डोक्यात बसलं, ते बसलंच.

अठ्ठ्याण्णव साली दुकानात नवा गेम आला. पडद्यावर सगळा अंधार. त्यात हरवलेलं एक पोर, आणि कुठूनतरी त्याच्या आईच्या आवाजात हाक यायची. बटण दाबून ओ दिली की खेळ खलास. ते जे काय असेल ते धावून यायचं. कॉलेजची पोरं पटापट मरायची. भिकन मात्र बसला की दगड! पोरं तोंडात बोटं घालायची.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. मागच्या खोलीत झुंबरबाई दम्याने आठवडाभर अंथरूण धरून होती. भिकन तोच गेम खेळत बसलेला. पडद्यावर पावलं वाजली, थांबली. तेवढ्यात मागून हाक आली, "भिकन!"

गेममधली नव्हे, मायचीच. तरी सवयीने तो दुसऱ्या हाकेसाठी थांबला. पंखा घरघरत होता. दुसरी हाक येईना. उठावं तर पाय उचलेनात. अरे येड्या, पस्तिशी उलटली आणि भुताला भितोस? तिकडे माय मरत असेल!

"ओ, माय!" तो एवढ्यांदा ओरडला की समोरचा पानवाला दचकला. भिकन आत धावला.

माय खाटेवरून खाली पडलेली, ओठ निळे. त्याने तिला भिंतीला टेकवून बसवलं, दम्याचा पंप तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने तिचा श्वास जागेवर आला.

"माय, परत हाक का बरं नही मारी?" त्याने रडत विचारलं.

"दोन हाका बाकी व्हत्यात ना रे," ती पुटपुटली. "त्यासाठेच दम जमा करी ऱ्हायंतू."