मोहफुलांखालचा पडदा

जमिनीखालच्या कोळसा खाणीत माझं काम पडदे लावायचं. बंद गल्लीत हवा आपसूक जात नाही. मोठ्या पंख्याची हवा जाड कापडाच्या पडद्याने वळवून पार टोकाला, कोळसा फोडणाऱ्यापर्यंत न्यावी लागते. कापड टोकापर्यंत पोचलं पाहिजे, एवढीच अक्कल त्या कामाला लागते.

राजुऱ्याकडच्या आमच्या गावात ते कापड घरोघरी सापडेल. मोहफुलं त्यावर चांगली वाळतात, माती लागत नाही. याला कोणी चोरी म्हणत नाही. मीही म्हणत नसे.

माझा शेजारी माझ्याच पाळीत होता. चैत्रात म्हणाला, "मोहफुलाले खाली काई नाई. पूरा मातीत खराब होऊन राह्यला. एक तुकडा दे ना गा."

"नवीन कापड येऊ दे."

"मोह थांबते का तवरिक?"

शेवटच्या गल्लीतलं काम तेव्हा बंद होतं. तिथलाच टोकाचा तुकडा मी कापून दिला. कुठून आणला ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, आणि नेमकं त्याच दिवशी त्या गल्लीत काम सुरू करायचं ठरलं. तपासणी गल्लीच्या तोंडाशीच उरकली. तिथे हवा बरी होती. शेजारी एकटा आत टोकाला गेला, खाली बसला, तो उठलाच नाही.

चौकशीत मी सांगितलं, कापड संपलं होतं. ते खोटं नव्हतं. मला रडू आलं नाही. जेवणही रोजच्यासारखं गेलं, त्याची मात्र लाज वाटली.

तेरवीनंतर त्याची बायको दारात आली. हातात तेच कापड, धुऊन घडी केलेलं.

"भाऊ, हे खाणीचं हाय. तिथी पडदा कमी पडला म्हणून हे गेले म्हनतेत. घेऊन जा. कोनाच्या तरी कामी येईन."

सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "वहिनी, चहा घ्या."

ती थांबली नाही.

सकाळी मी ते शेवटच्या गल्लीत नेलं. कापलेली कड जुन्या कडेला बरोबर जुळली. धुतलं तरी मोहाचा वास राहिला होता. खिळे ठोकले, टोकाला जाऊन, तो बसला होता तिथे हात धरून पाहिला. हवा लागत होती.