जरासा इको टाकू का

चालू माईक कमरेला खोचून दुसऱ्याचं गुपित सांगणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. मी पाहिली आहे. रोज सकाळी वेणी घालताना आरशात दिसते. आता तिचे केस पांढरे झालेत आणि जीभ जरा ताब्यात आली आहे; पण तेव्हा, चौसष्टाव्या वर्षी, तिला अक्कल यायची होती. बहात्तरीतून मागं बघताना ती मला पोरगीच वाटते. अशी पोरगी माझी सून असती तर दुसऱ्या दिवशी माहेरी धाडली असती.

गुपित होतं आमच्या शेजारच्या डीजेवाल्याचं. उमरग्यात हायवेच्या अलीकडं आमचं घर, आणि भिंतीला भिंत लावून त्याचं पत्र्याचं शेड. नाव सांगत नाही. त्याच्याबद्दल जेवढं सांगायला नको होतं तेवढं माझं आधीच सांगून झालंय.

"जरासा इको टाकू का?" हे त्याचं पालुपद. समोर माईक धरलेला माणूस दिसला की त्याची बोटं मशीनवरच्या बटनाकडं जायचीच. बारसं असो, गॅदरिंग असो, पंचायतीची निवडणूक असो. एकदा एका पुढाऱ्याच्या दहाव्याला भाषणं होती. वक्ता गहिवरून म्हणाला, "आम्हाला सोडून गेलात", आणि बॉक्समधून "गेलात, गेलात, गेलात" असं चारदा आलं. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "पक्का गेला म्हणायचा." मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, "मयताच्या कार्यक्रमाला इको कशाला रे?" तो अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, माणसाला रडू यायला टाइम लागतो. इको तेवढा टाइम देतो."

शेडमध्ये त्यानं भिंतीभर वाकळा टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. त्यातली एक माझी. सासूबाईंच्या लुगड्यांची, हातानं शिवलेली. "मऊ हाय, आवाज पिती," म्हणाला, आणि घेऊन गेला. त्या वाकळांच्या खोलीत बसून तो दुपारभर गाणी कापायचा आणि जोडायचा. मी जाऊन बसायचे, कारण माझ्या घरातला पंखा जेमतेम फिरायचा. तिथं त्यानं मला एकेक बटन शिकवलं. "हे फिरवलं की माणूस विहिरीत पडतो. हे फिरवलं की देवळात उभा ऱ्हातो. हे फिरवलं की गाणं गोदामात कोंडतं, आन् सोडलं की समदी पोरं उड्या मारत्यात." पातेल्यावर झाकण ठेवावं आणि उकळी आली की काढावं, तसा तो बेस दाबून धरायचा आणि सोडायचा. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे दिसायचं ते मी माझ्या नवऱ्याच्या तोंडावर लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण त्याचा एक नियम होता. "गाणं जिथं थांबतंय तिथंच इको टाकायचा. चालत्या गाण्यावर टाकला की चिखल होतो." दुसऱ्या कुणी चालत्या गाण्यावर टाकलेला ऐकला की तो तोंड वाकडं करायचा.

मग एका सालात चिखल त्याच्याकडंच व्हायला लागला. चालत्या गाण्यावर इको, बोलत्या माणसावर इको, आणि वरचा आवाज एवढा चढवलेला की कानात सुया टोचाव्यात. लोक म्हणायचे, याला इकोची भूल पडली. तो बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायलाही लागला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नजर बिघडली. आणि चौसष्टाव्या वर्षीच्या या बाईला काय वाटलं सांगू? तिला वाटलं, आपले ओठ अजून बघण्यासारखे आहेत. महिनाभर ती पान खाऊन त्याच्याशी बोलायला जात होती. हसा, मीही हसते.

खरं काय ते त्याच्या बायकोनं सांगितलं. ती सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. मराठी जपून बोलायची. एका दुपारी भांडी घासता घासता माझ्या परसात आली. मी सहज म्हणाले, "तुझ्या घरात कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी तुझा नवरा उठत न्हाय गं."

ती खालीच बसली. म्हणाली, "मावशी, त्यांना शिट्टी ऐकू येत नाय. ट्रक गेला तर कळतं. ढोल कळतो. माणसाचं बोलणं कळत नाय. डाक्टर म्हणाले, बॉक्सजवळ उभं राहून राहून गेलं, परत येनार नाय."

"आन् मग वाजवतो कसा?"

"हात ठेवतात बॉक्सवर. आणि इको टाकला की एकच शब्द चारदा येतो. पहिल्यांदा चुकला तर तिसऱ्यांदा सापडतो." तिनं माझे हात धरले. तिचे हात राखेनं भरलेले होते. "कुणाला सांगू नका. बहिऱ्याला डीजे कोण देईल? त्यांना दुसरं काय येत नाय."

मी तुळजाभवानीची आण घेतली. मागितली नव्हती, मीच घेतली. गुपित ऐकताना मला नेहमी असं उदार व्हायला होतं.

पंधरा दिवस मी ते पोटात ठेवलं. माझ्या मानानं तो उपासच होता.

मग पुतण्याचं लग्न आलं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची वाजतगाजत मिरवणूक, मारुतीला निघाला. सकाळचं ऊन, पुढं पिकअपवर ह्याचे बॉक्स, मागं घोडा, मध्ये आम्ही बायका. चौकात परण्या थांबला आणि बायकांना नाव घ्यायला लावलं. बिनवायरचा माईक हातोहात फिरत माझ्याकडं आला. मी नवऱ्याचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात कुणीतरी ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं. पदर सुटला होता. हातात ताट, खांद्यावरून पदर चाललेला, मग माईक कुठं ठेवायचा? बाईमाणूस किल्ल्या ठेवतं तिथं ठेवला. कमरेला खोचला.

शेजारी जाऊबाई, नवरदेवाची आई. तिनं कानावर हात ठेवले होते. म्हणाली, "काय गं हा मेला, किती इको टाकतोय. डोकं उठलं."

आणि मी तिच्याकडं झुकून, हळू आवाजात, म्हणजे माझ्या मते हळू आवाजात, म्हणाले, "अगं, त्याला कुठं ऐकू येतंय. बहिरा झालाय तो. बायकोच सांगत होती."

त्याला कमी ऐकू यायचं म्हणून त्यानं माईक एवढा चढवून ठेवला होता की माझ्या पोटातली गुडगुडसुद्धा चौकात गेली असती. ते वाक्य गेलं. आणि त्यावर इको होता. "बहिरा झालाय तो, झालाय तो, झालाय तो." किराणा दुकानाच्या पायरीवरची माणसं उठून उभी राहिली. एसटी थांबली होती, तिच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आणि चौक हसला. वाजंत्री हसले, घोडेवाला हसला, घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या धरून हसला.

हसला नाही असा माणूस एकच, आणि तोही लगेच हसला. त्यानं माणसं पोट धरून वाकलेली बघितली, आणि त्याला वाटलं, आज रंग भरलाय. पिकअपवर उभा राहून त्यानं एक हात वर केला, दुसऱ्या हातानं इकोचं बटन अजून फिरवलं, आणि माझ्याकडं बघून अंगठा दाखवला. लोक अजून हसले. तो अजून हसला.

बायकांच्या घोळक्यात त्याची बायको होती. तिनं हातातला कलश दुसरीकडं दिला आणि चपला न शोधता घरी गेली.

तुम्हाला वाटेल मी मान खाली घातली. छे. मला पहिली काळजी ही की माझं नाव घेणं लोक विसरून गेले.

कुणीतरी फोनवर ते शूट केलं होतं. आठ दिवसांत नळदुर्गाकडच्या एका डीजेवाल्यानं माझं वाक्य उचलून गाण्यात बसवलं. खरं सांगते, काम चांगलं होतं. आधी गाणं गोदामात कोंडल्यासारखं बारीक व्हायचं, मग सगळं थांबायचं, मग माझा एकटीचा स्वच्छ आवाज, "बहिरा झालाय तो," मग श्वासभर काहीच नाही, आणि मग बेस असा कोसळायचा की पोरं जागच्या जागी उडायची. त्या लग्नसराईत ते प्रत्येक वरातीत वाजलं. बाजारात बायका बोट दाखवायच्या, "ह्याच त्या." मी आमदारासारखा हात करायचे. नातीकडून तेच फोनची घंटी म्हणून लावून घेतलं आणि फोन मुद्दाम उशिरा उचलायचे. भिंतीपलीकडं त्याची बायको ऐकत असेल, हे मला सुचलं नाही असं मी म्हणू शकते. पण सुचलं होतं.

तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. एके दिवशी दारात माझी वाकळ ठेवलेली दिसली. धुतलेली, उन्हात वाळवलेली, चौघडी घातलेली. उसवलेला कोपरा नव्या दोऱ्यानं शिवलेला. त्यापेक्षा तिनं ती फाडून टाकली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुळजापूरला एका लग्नात तो पाहुणा म्हणून आला होता. डीजे त्या नळदुर्गाकडच्याचा. माझं वाक्य असलेलं गाणं लागलं आणि लोक त्याच्याकडं बघून एकमेकांना कोपर मारायला लागले. तो बॉक्सला तळहात लावून, डोळे मिटून उभा होता, डोलत. गाणं संपल्यावर माझ्याकडं आला आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "मावशी, मधी कुणाचा तरी आवाज हाय न्हवं?"

"हाय की. माझाच हाय."

त्याचं तोंड उजळलं. "तुमचा? काय म्हणलाय?"

सगळे आमच्याकडं बघत होते. मी म्हणाले, "आशीर्वाद दिलाय."

"वाटलंच," तो म्हणाला. "गाणं जिथं थांबतंय बरोबर तिथंच टाकलाय. ह्या पठ्ठ्याला कळतंय."

माझ्या मागं कुणीतरी हसताना पाण्याचा घोट फवारला.

त्याला मात्र तोंडावर कुणीच काही सांगितलं नाही. आमचं गाव तसं सभ्य. ठरलेल्या सुपाऱ्या मोडताना कुणी म्हणालं बँडच आणतोय, कुणी म्हणालं परवानगी मिळंना, कुणी म्हणालं मुहूर्त बदललाय. पाठ वळली की "बहिऱ्याला कोण सांगणार". मला वाटलं, तो समजला की आपले इफेक्ट जुने झाले. म्हणून दुपारभर शेडमध्ये बसून नवे शिकायला लागला. विमान उतरल्यासारखा आवाज, रेडिओ बिघडल्यासारखा आवाज, उलटं फिरणारं गाणं. भिंतींवरच्या वाकळा एकेक करून कमी झाल्या होत्या, त्यामुळं ते सगळं गल्लीभर ऐकू यायचं. नुसता चिखल. शेजारणी म्हणायच्या, "त्याला जाऊन कुणी सांगा गं." आणि माझ्याकडं बघायच्या. पान खाऊन बोलायला जात होते तेव्हा मला भिंत आडवी आली नव्हती. आता यायला लागली.

दिवाळीच्या आधी पिकअप गेली, मग बॉक्स गेले. त्याला सोलापूर रोडला खडी क्रशरवर काम मिळालं. आता त्या शेडमध्ये पंक्चरवाला आहे. हवा भरायचं मशीन दिवसभर फुरफुरतं, आणि नवे भाडेकरू इथं कधी गाणी व्हायची हे ऐकून नुसतं "हो का" म्हणतात.

निघायच्या सकाळी टेम्पो भरून उभा होता. बायको पुढं बसली होती, माझ्याकडं पाठ करून. तो दारात आला. मी विचारलं, "क्रशरवर जमंल का रे?"

त्यानं माझं तोंड वाचलं आणि हसला. "तिथं समदे बहिरेच हायत, मावशी. हातवारे करूनच बोलत्यात." मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. परण्याच्या दिवशी तुम्ही माईकवर काय म्हणलात? तवापासनं काम गेलं, एवढं मला कळतंय. बायको सांगत न्हाय, नुसती रडती. मी चोर हाय म्हणलात का? का हिच्याबद्दल काय म्हणलात?"

इतके महिने हा माणूस तेच उलटंसुलटं करत बसला होता. आपली बायको कुणी बदनाम केली की काय, या घोरात. आशीर्वाद पुन्हा सांगता आला असता, तोंडाशी आलाही होता. पण टेम्पोतली पाठ हलली नाही, आणि मला तिचे राखेचे हात आठवले. मी दोन पायऱ्या उतरले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सावकाश, तोंड नीट उघडून सांगितला, की तू बहिरा झालायस, असं म्हणाले मी.

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला, अजून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही तेव्हा त्यानं मोठा श्वास सोडला.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला. "ते मला ठावंच होतं की, मावशी. गावाला ठावं न्हवतं."