बरं वाटते, बाबा

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले देव बोडीत, गावच्या तळ्यात, नेऊन टाकले, आणि त्यांच्यामागं भुतंही गेली, असं बाबा सांगायचे. बाबा नवेगाव बांध या गावी शिलाईचं काम करायचे. खाली मान घालून मशीन चालवणारा साधा माणूस, पण विहारात बोलायला उभा राहिला की बाप्पा, काय तो आवाज! गंडे, अंगारे, झाडफूक, सगळ्यांची नुसती धुलाई.

अशा माणसाच्या पोटी मी आले, जन्माची भित्री. पाहुणे आले की धानाच्या ढोलीमागं लपणार, गुरुजींनी नाव घेतलं की रडणार. तरी अकरावीत असताना, नव्याण्णवच्या पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, विहारात वंदना म्हणायचं काम बाबांनी हौसेनं माझ्याकडं दिलं. एका पौर्णिमेला अर्ध्यातच घसा बंद झाला. छाती धडधडायला लागली, हात बधिर पडले, वाटलं आता मी मरते. मी अनवाणीच बाहेर पळाले. दारातून वळून पाहिलं तर सगळं विहार बाबांकडं बघत होतं. तेव्हाच धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग बसचीही भीती बसली. कॉलेजला निघायचं, पुढच्याच थांब्यावर उतरायचं, चालत परत यायचं. शेवटी कॉलेज सुटलं आणि जेवणही. बोरिंगवर बाया म्हणायच्या, "पोरीले लागलं काहीतरी." आई घरी येऊन तेच हळू आवाजात सांगायची, आणि बाबा उसळायचे. "लागाले आहे कोण? आपल्या घरात देव नाई, त भूत कुठून येईन?"

मला तर वाटायचं, भूत असतं तर किती बरं होतं! निदान भीतीला कारण तरी मिळालं असतं. आमच्याकडं नुसती भीतीच होती, आणि ती माझी एकटीची.

हिवाळ्यात एक दिवस बाबांनी शेजाऱ्याची गाडी मागून आणली. "चाल, कोहमाऱ्याले जाऊ. अस्तर आणाचं आहे." कोहमाऱ्याच्या अलीकडं त्यांनी गाडी जंगलातल्या पायवाटेला घातली. मग थांबून दुपट्टा काढला आणि तोंडाला गच्च गुंडाळला, फक्त डोळे उघडे. वाट एका बैगाच्या अंगणात संपली. झाडफूक करणारा बैगा, ज्याच्यासारख्यांवर बाबा तासतास बोलायचे तो.

बैगानं लिंबू उतरवलं, माझ्या दंडाला काळा गंडा बांधला आणि बाबांना डोकं टेकवायला सांगितलं. बाबांनी दुपट्टा सोडला आणि टेकवलं. त्यांच्या टकलाला अंगणातली माती लागली. माझ्या भित्रेपणानं माझ्या बापाला तिथं आणून वाकवलं होतं.

"बरं वाटते का आता?" बैगानं विचारलं. बाबा मान वर करून माझ्याकडं बघत होते, दोन्ही हात जोडलेले.

"बरं वाटते, बाबा," मी त्यांच्याकडं बघून म्हटलं. छाती तर अजून धाडधाड उडत होती.

त्या दिवसापासून मी बरी झाले. म्हणजे झाल्याचं सोंग घेतलं. बसमध्ये मांडीला चिमटे काढायचे, गालाचं मांस दातात धरायचं, चेहरा कोरा ठेवायचा. जमलं! अहो, इतकं जमलं की शिकून गोंदियाला एका शाळेत मास्तरीण झाले. मोठ्या बाई म्हणायच्या, "मॅडम कितनी शांत है!" आणि शांत मॅडम रोज पहिल्या तासाआधी संडासात जाऊन ओकत होत्या.

इकडं बाबा बोलायचे थांबले. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "आता नव्या पोराईनं बोलावं." एकदा विहारात एका घरच्यांनी तापाच्या पोराला बैगाकडं नेल्याची गोष्ट निघाली. सवयीनं सगळे बाबांकडं वळले. बाबा खाली सतरंजीकडं बघत राहिले. मी बायकांत बसले होते. मलाही मान वर करता आली नाही.

दहा-बारा वर्षं मी असं दाबून काढलं. मग एका सकाळी अंथरुणातून उठताच येईना, नुसतं रडू. गोंदियाच्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. "डरना आपका स्वभाव है, उसमें शर्म कैसी? पर आपने उसे इतना दबाया कि अंदर ही अंदर सड़ गया." गोळ्या लिहून दिल्या. महिन्याभरानं छाती पहिल्यांदा खरोखर शांत झाली, आणि मग बाबांपासून लपवणं सोसेना.

गावी गेले तेव्हा ते एका ब्लाउजला काज करत होते. मी एका दमात सांगून टाकलं. गंड्यानं काही झालं नव्हतं, मी खोटं बोलले, तुमचंच खरं होतं बाबा, तुम्ही पुन्हा बोला. मला वाटलं चिडतील, नाहीतर सुटल्यासारखं हसतील.

त्यांनी सुई कापडात खोवून ठेवली.

"एकबी दिवस बरं नोयतं वाटलं?"

"नाही."

त्यांनी ब्लाउज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी त दरवर्सी नारळ देऊन येतो ना तिथं, पोरी. तुले परत होऊ नये म्हणून. यंदाचाबी परवाच देऊन आलो."